एक झाकण हायपो

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीनं दर घराला हायपोचा एकेक कॅन वाटला. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यानं ओटा पुसला की घराला पोहण्याच्या तलावाचा वास येतो. लोकांचे कॅन महिन्या-दोन महिन्यांत संपले. आमचा मात्र मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आले तरी मोरीच्या कोपऱ्यात उभा होता, आणि हलवला की आतून भरपूर खळखळत होता.

याचं सगळं श्रेय आईचं. कुठलीही बाटली तळाला गेली की तिच्यात पाणी घालायचं, हलवायची आणि ती भरली असं जाहीर करायचं, हा तिचा नियम. नारळाचं पहिलं दूध, दुसरं दूध काढतात, तसं आमच्याकडे शाम्पूचंही दुसरं दूध निघतं आणि भांड्यांच्या साबणाचं तिसरं. हायपोला ती अपवाद कशाला करेल? कॅनमधलं एक झाकण ती स्टीलच्या मोठ्या डब्यातल्या पाण्यात घालायची आणि त्यात ओट्याचं फडकं बुचकळायची. कॅन खाली गेला की त्यातही पाणी. मग ते फडकं पिळून नळाच्या मानेवर वाळत टाकायची आणि म्हणायची, "झालं निर्जंतुक."

फडकं म्हणजे बाबांच्या जुन्या बनियनचा पाठीचा भाग. गळ्याची शिवण तशीच होती.

आईचं बोलणंही याच पद्धतीचं. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिनं मला कधी मारलं नाही, कधी आवाज चढवून रागावलीही नाही. पण रोज एक झाकण टोमणा ठरलेला. सकाळी उठले की, "उठलात? बरं झालं, मी सूर्याला थांबवून ठेवलं होतं." पंखा चालू राहिला की, "पलंगाला उकडतंय वाटतं." आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला की, "राहू दे, गादीलाही आंघोळ हवी." हे मी जन्मापासून ऐकत आले. ऐकत आले म्हणजे कानावर पडत आलं. आत काही पोचत नसे.

ठाण्याच्या कॉलेजात माझ्या प्रोजेक्टच्या गाईड मॅडमनी मला विषय दिला तो असा: अन्नातून पसरणारे जिवाणू सौम्य जंतुनाशकाला कसं तोंड देतात. साध्या भाषेत सांगायचं तर, औषध पुरेसं कडक असलं की जंतू मरतात. पण ते मरणार नाहीत इतपत पातळ औषध त्यांना पुनःपुन्हा मिळत राहिलं, तर त्यांतले काही सावध होतात. आपल्या कातडीची डागडुजी करतात, एकमेकांना चिकटून चिकट थर करून राहतात, आणि मग पुढच्या वेळी कडक औषधालाही सहज दाद देत नाहीत. आपण मारायला जातो आणि तालीम देऊन येतो.

मॅडम म्हणाल्या, "लॅबमधले जिवाणू घेऊन सगळेच करतात. तू खऱ्या स्वयंपाकघरातले मिळव. जिथे कुणी रोज पातळ जंतुनाशक वापरतं असं घर सापडलं तर उत्तम. पण सापडणं कठीण."

मला ते घर शोधायला चप्पलसुद्धा घालावी लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेल्यावर मी फडक्याचा एक कोपरा निर्जंतुक कात्रीनं कापला, पिशवीत घातला आणि ठाण्याला नेला. जिवाणू वाढवायच्या प्लेटवर जे उगवलं ते बघून मॅडम खुर्चीतून उठल्या. त्यातले ई. कोलाय आम्ही वेगळे केले. हे पोटात राहणारे जिवाणू. बहुतेक निरुपद्रवी, पण त्यांचे काही भाऊबंद पोट बिघडवण्यात पटाईत. त्यांना आम्ही कडक हायपो दिला. साधे जिवाणू ज्यात पटकन मरतात त्यात आमचे डोंबिवलीकर बराच वेळ टिकून राहिले. "कुठून आणलेस गं हे?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "ओळखीतलं घर आहे."

आता माझी अडचण वाचणाऱ्याला कळली असेल. मला पास व्हायचं होतं. त्यासाठी आईचं फडकं लागत होतं. आणि आईला हे कळू द्यायचं नव्हतं, कारण आपला ओटा अख्ख्या डोंबिवली पूर्वेत सर्वांत स्वच्छ आहे यावर तिचा अढळ विश्वास होता. आमच्या घरात कुणाचं पोट बिघडत नसे. ती याचं श्रेय हायपोला देई. खरं श्रेय प्रेशर कुकरचं होतं.

एकदा कोपरा कापून भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण हे जिवाणू लॅबमध्ये आणले, गरम इन्क्युबेटरमध्ये ठेवले, भरपूर खायला घातलं आणि हायपोचा थेंबही दाखवला नाही, की थोड्याच दिवसांत त्यांचा सगळा चिवटपणा उतरायचा. मग साधा हायपो दिला तरी पटापट मरायचे. मॅडम म्हणाल्या, "लाडावले." म्हणजे ताजे आणायचे. म्हणजे पुन्हा कात्री.

फडकं आक्रसत चाललंय हे आईच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ती फडकं उजेडासमोर धरून म्हणाली, "घरात उंदीर झालाय."

बाबा पेपरामागून म्हणाले, "माझं बनियन खाणारा उंदीर म्हणजे फारच उपाशी असणार."

आईनं पिंजरा आणला. त्यात रोज रात्री भाकरीचा तुकडा लागायचा आणि सकाळी तो तसाच असायचा. "हुशार आहे," आई म्हणायची. "भाकरी सोडतो आणि हायपोचं फडकं खातो. जंतही गेले असतील त्याचे." मी पोह्यांत मान घालून बसायचे.

प्रयोगाला तुलनेसाठी दुसरं घरही हवं होतं, जिथे जंतुनाशक हात राखून वापरत नाहीत. तेही शोधावं लागलं नाही. आमच्या समोरच्या दारात काकू राहतात. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या घरातल्या. त्यामुळे मजल्यावरचे बाकीचे तिन्ही फ्लॅट त्यांचे आणि हात सढळ. त्या बाटलीतून सरळ ओट्यावर ओततात. त्यांच्या स्वयंपाकघरात गेलं की डोळे झोंबतात. त्यांच्या फडक्यावर तर काहीच उगवलं नाही. शेवटी मी त्यांच्या टोपलीतली न धुतलेली कोथिंबीर मागितली.

"ने गो बाय," काकू म्हणाल्या. "पन कोथमीर तं तुमच्या घरानपन आसंल ना?"

"तुमची वेगळी आहे, काकू. अभ्यासाला हवी."

त्यांनी मोठी जुडी हातात ठेवली. तिच्यावरच्या जिवाणूंना जन्मात कुणी हायपो दाखवला नव्हता. कडक औषध दिल्यावर ते बिचारे चटकन गेले. मला हवं तेच झालं. उरलेल्या जुडीच्या वड्या आईनं केल्या.

मग दिवाळीच्या आसपास संकट आलं. काकूंनी फराळाच्या ताटासोबत आईला नव्याकोऱ्या कडक जंतुनाशकाची बाटली दिली आणि सांगितलं, "पानी घालू नको हा. तशीच वत." आईनं बाटली उलटसुलट वाचली. तिच्या चेहऱ्यावर मोह दिसला. या बाईनं ती बाटली एकदा जरी ओट्यावर तशीच ओतली तर माझा अख्खा प्रोजेक्ट गटारात जाणार होता.

"आई, जुना हायपो आहे की अजून," मी म्हटलं. "तो संपव ना आधी. उगाच दोन दोन कशाला?"

आईनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू? काटकसर? ताप आलाय का?"

"आणि थोडं पाणी जास्त घातलंस तरी चालेल. वास फार येतो."

म्हणजे जिवाणूशास्त्राची विद्यार्थिनी आपल्याच आईला जंतुनाशकात पाणी घालायचा आग्रह करत होती. मॅडमनी ऐकलं असतं तर मला वर्गाबाहेर काढलं असतं. बहुतेक नसतंही काढलं, कारण आलेख सुंदर येत होते. आई मात्र विरघळली. मुलीला शेवटी वळण लागलं असं तिला वाटलं. काकूंची बाटली मी माळ्यावर, फुटलेल्या आकाशकंदिलामागे ठेवून दिली.

वर्षअखेरीला आमच्या विभागात पोस्टरचं प्रदर्शन असतं. प्रत्येकानं आपापल्या प्रोजेक्टचं पोस्टर लावून समोर उभं राहायचं, बाहेरून आलेले परीक्षक फिरत प्रश्न विचारतात आणि गुण देतात. पालकांनाही बोलावतात. त्यांना कळावं म्हणून पोस्टरच्या तळाशी निष्कर्ष आणि आभार मराठीत लिहायचे असा मॅडमचा दंडक होता. मी आईला म्हटलं, "कंटाळा येईल तुला, नको येऊस." त्यावर ती म्हणाली, "तुझ्या बालवाडीच्या नाचालाही आले होते. त्याहून काय वाईट असणार?" आणि इस्त्रीची साडी नेसून आली. सोबत काकूही आल्या, त्यांच्या कोथिंबिरीचं काय झालं ते बघायला.

परीक्षक विद्यार्थ्यांना रडवण्यासाठी प्रसिद्ध होते. माझ्या शेजारी ठाण्याचीच एक मैत्रीण उभी होती. एकुलती एक, घरात तिला मोठ्यानं 'अगं' म्हणूनही कुणी हाक मारलेली नव्हती. परीक्षकांनी तिला फक्त विचारलं, "हा पिवळा रंग का निवडलास?" ती घळाघळा रडायला लागली. मग ते माझ्याकडे वळले.

त्यांनी पोस्टर खालून वर वाचलं, वरून खाली वाचलं. म्हणाले, "हे एवढं पातळ द्रावण? यानं पाल शिंकणार नाही. खऱ्या घरात इतकं पातळ कुणी वापरत नाही. म्हणजे तुझा प्रोजेक्ट हवेत आहे. तूच मनानं ठरवलेलं दिसतंय हे सगळं."

"नाही सर, वापरतात."

"कोण वापरतं?"

"एक घर आहे, सर."

"कुठे?"

"डोंबिवली पूर्व."

"कुणाचं?"

आई माझ्या डाव्या खांद्यामागे उभी होती. मला तिच्या साडीच्या कांजीचा वास येत होता. मी परीक्षकांच्या बुटांकडे बघितलं. बूट चांगले होते. गुण हातचे चालले होते, पण भर हॉलमध्ये, काकूंच्या देखत, आईचा ओटा उघडा पाडणं माझ्याच्यानं होईना.

"सांगता येणार नाही, सर," मी म्हटलं.

"मग मलाही गुण देता येणार नाहीत."

"माझं," मागून आवाज आला.

आई पुढे आली. पोस्टरवर नळाच्या मानेवरच्या फडक्याचा फोटो होता. त्यात बनियनच्या गळ्याची शिवण होती, आमच्या ओट्यामागची तडकलेली टाइल होती आणि कापलेले कोपरे होते. आईनं आधी त्या कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघून एकच शब्द म्हणाली, "उंदीर."

मग ती परीक्षकांकडे वळली. "माझं घर, माझं फडकं. एक झाकण हायपो आणि डबाभर पाणी, करोनापासून. काय म्हणणं आहे?"

परीक्षक गोंधळले. "बाई, पण इतक्या पातळ औषधानं जंतू मरतात असं तुम्हाला वाटतं?"

आईनं क्षणभर विचार केला. "मरत नसतील," ती म्हणाली. "पण वचकून राहतात."

हॉलमध्ये हसू फुटलं. परीक्षकही हसले, आणि बोटानं आलेख दाखवून म्हणाले, "बघा बरं, वचकलेले दिसतात का?"

आईनं चष्मा लावला. जन्मभर आलेख शिकवलेली बाई ती. "वरची रेघ कुठली?"

"आपल्या घरची," मी पुटपुटले.

"आणि ही लगेच खाली पडलेली?"

"काकूंच्या कोथिंबिरीची."

आईनं वळून काकूंकडे पाहिलं. तिच्या वर्गातलं पोर पहिलं आलं की ती असंच बघायची. काकूंचा चेहरा पडला. "म्हंजी माझं सगलं मेलं?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या हळहळल्या. "ताजी व्हती गो कोथमीर."

परीक्षकांनी भरपूर गुण दिले. जाताना मॅडमना म्हणाले की, नमुन्याचा पुरावा साडी नेसून चालत आलेला त्यांनी पहिल्यांदाच बघितला. मी हवेत होते. आई मात्र पोस्टरच्या तळाशी वाकून मराठी मजकूर वाचत राहिली. बराच वेळ. मग सरळ झाली आणि "चला" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले. सूर्याचा विषय निघाला नाही. आईनं चहा आणून दिला, पलंगावर. पंखा दिवसभर फिरत राहिला, कुणाला उकडतंय असं कुणी विचारलं नाही. मी मुद्दाम ओला टॉवेल गादीवर टाकून बघितला. आईनं तो उचलून दोरीवर वाळत घातला आणि म्हणाली, "खिचडी करू का गं?"

बाबांनी मला गॅलरीत गाठलं. "तुझी आई बरी आहे ना?"

सुरुवातीला मला सुख वाटलं. पण आठवडाभर हेच चाललं, आणि माझं मलाच काहीतरी बिनसल्यासारखं झालं. वाण्यानं "सुट्टे द्या ना ताई" असं जरा त्रासिकपणे म्हटलं, तर माझे डोळे भरून आले. वाण्याच्या बोलण्यानं मी आयुष्यात कधी हलले नव्हते. काय होतंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या इन्क्युबेटरमध्ये हेच तर वर्षभर बघितलं होतं. लाडावले होते.

रविवारी सकाळी आईनं माळ्यावरून काकूंची बाटली काढली. आकाशकंदिलामागे ती आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. ओटा तिनं साबणानं घासला, मग पाण्याचा थेंबही न मिसळता बाटलीतलं औषध ओतलं, आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ घड्याळाकडे बघत उभी राहिली. बनियनचं फडकं कचऱ्यात गेलं. नवीन फडकं नळावर आलं. मग ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"आता तुझं," ती म्हणाली.

"माझं काय?"

"तूच लिहिलंयस ना पोस्टरवर? थोडं थोडं रोज देऊ नये, त्यानं निबर होतात. एकदाच, पूर्ण मात्रेत आणि पुरेसा वेळ द्यावं. मी आठवडाभर जमवून ठेवलंय."

आणि तिनं सुरुवात केली. पाण्याचा थेंब नव्हता त्यात. टॉवेलपासून सुरू झालं, पंख्यावरून गेलं, कापलेल्या फडक्यावर आलं, उंदराच्या पिंजऱ्यावर आलं, रोज फुकट गेलेल्या भाकरीवर आलं. बाबा पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. मी अजून तग धरून होते. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"तळाशी आभार लिहिलेस. मॅडमचे आहेत. लॅबचे आहेत. इन्क्युबेटर दुरुस्त करणाऱ्याचे आहेत. शेजारच्या काकूंचे आहेत, कोथिंबिरीबद्दल. मी सगळं दोनदा वाचलं, म्हटलं नजरचूक होत असेल. मी कुठे आहे?"

"तुला कळू नये म्हणून गं," मी म्हटलं. "लोक हसले असते तुला."

"हसले की. मला काही झालं का? वर्षभर माझ्या फडक्यावर अभ्यास केलास. माझे जंतू तुला चालले, मी नाही चालले."

मी रडायला लागले. त्या पिवळ्या पोस्टरवालीसारखी, घळाघळा, नाक लाल होईपर्यंत. मला खरोखर फार वाईट वाटलं. मी तिची अब्रू वाचवत होते, आणि तिला तिच्या कामाचं नाव हवं होतं, बस.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं. "किती वेळ ठेवायचं असतं?"

"पुरे आई," मी हुंदके देत म्हटलं. "सगळे मेले."

तिनं पदराचं टोक पुढे केलं. मी नाक पुसलं. प्रोजेक्टचा प्रबंध अजून बांधायला गेला नव्हता. मी तिथेच लॅपटॉप आणला आणि आभाराच्या पानावर, मॅडमच्याही वर, लिहिलं: हायपोत पाणी घालून हा प्रबंध शक्य करणाऱ्या माझ्या आईचे आभार. आईनं चष्मा लावून वाचलं. "'पाणी'च्या आधी 'रोज' घाल," ती म्हणाली. मी घातलं.

"आणि आई," मी म्हटलं, "ते रोजचं सुरू कर ना परत. हे एकदम फार लागतं गं."

ती उठून आत गेली, नव्या फडक्याला एकदा हात लावून आली, आणि माझ्या खोलीच्या दारात थांबली.

"त्या गादीचेही आभार मान कुठेतरी," ती म्हणाली. "केव्हापासून ओला टॉवेल अंगावर घेऊन पडलीये बिचारी."

मी उठले आणि टॉवेल दोरीवर टाकला.